नारंगी डोक्याचा कस्तूर: ठाणे आणि नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येऊर, घोडबंदर रोड, खारघर, बेलापूर, पनवेल अशा भागांतून या पक्ष्याबद्दल येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला ओळखीचे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. जखमी पक्षी हातात असेल तर बाकीचं राहू द्या, आधी प्रश्न १६ वाचा.

१. कस्तूर म्हणजे नेमका कोणता पक्षी? जो तो वेगळाच फोटो दाखवतो.

दाखवणारे सगळेच बरोबर असू शकतात. मराठीत कस्तूर हे एकट्या पक्ष्याचं नाव नाही, ते अख्ख्या गोतावळ्याचं आडनाव आहे. पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळ घालणारा गडद निळा तो मलबारी शीळकरी कस्तूर. पिवळ्या चोचीचा काळपट तोही कस्तूर. हिवाळ्यात कड्यांवर आणि गच्चीच्या कठड्यावर येऊन बसणारा निळा कस्तूर आणखी वेगळा. या पानावर ज्याच्याबद्दल लिहिलं आहे तो नारंगी डोक्याचा कस्तूर, शास्त्रीय नाव जिओकिक्ला सिट्रिना. इंग्रज पक्षीअभ्यासक जॉन लॅथम यांनी १७९० मध्ये त्याचं वर्णन केलं. जुन्या पुस्तकांत तो झूथेरा या प्रजातीत सापडेल. पक्षी तोच, वर्गीकरण बदललं.

गंमत अशी, की शीळकरी कस्तूर आणि निळा कस्तूर नावाने कस्तूर असले तरी आता माशीमारांच्या कुळात गणले जातात. दयाळाचंही तेच. नारंगी डोक्याचा मात्र खऱ्या कस्तुरांच्या कुळातच आहे.

२. ओळखायचा कसा? पहिल्या नजरेत काय पाहावं?

गाल पाहा. आपल्याकडच्या कस्तुराचा चेहरा आणि गळा पांढरा असतो आणि त्या पांढऱ्यावर दोन गडद तपकिरी उभे पट्टे असतात: एक डोळ्याखाली, दुसरा त्यामागे कानाजवळ. एवढं दिसलं की ओळख पक्की.

बाकीचा वेष असा: माथा, मान, छाती आणि पोट नारंगी, पाठ, पंख आणि शेपटी निळसर राखाडी, मिटलेल्या पंखावर खांद्याजवळ एक ठळक पांढरा ठिपका, शेपटीच्या बुडाशी खालून पांढरं. चोच पाटीसारखी काळपट, डोळे मोठे आणि गडद. लांबी साधारण २१ ते २३ सेंटिमीटर, वजन ४७ ते ६० ग्रॅम. म्हणजे बुलबुलापेक्षा किंचित मोठा आणि अंगाने भरलेला, साळुंकीपेक्षा थोडा कमी.

या जातीच्या दहा-बारा उपजाती भारतीय उपखंडापासून दक्षिण चीन, जावा, बाली आणि बोर्निओपर्यंत पसरल्या आहेत. गालावर पट्टे असलेली, मध्य आणि दक्षिण भारतात राहणारी आपली उपजात म्हणजे सायनोटा. इंटरनेटवरच्या बऱ्याच फोटोंत पूर्ण नारंगी तोंडाचा पक्षी दिसतो, तो बहुधा हिमालयातला असतो. त्यावरून होणाऱ्या गोंधळासाठी प्रश्न १८ पाहा.

३. नर आणि मादी वेगळे ओळखता येतात का? पिल्लू कसं दिसतं?

चांगला उजेड असेल तर येतात. नराची पाठ स्वच्छ निळसर राखाडी असते. मादीच्या पाठीवर मातकट, हिरवट तपकिरी झाक असते आणि तिचा नारंगी रंग थोडा विटका. पण दाट सावलीत नराची पाठही मळकी दिसते, म्हणून एकट्या पक्ष्यावर 'मादी' असा शिक्का घाईने मारू नये. जोडी शेजारी-शेजारी दिसली तरच फरक नीट कळतो.

नुकतं उडायला लागलेलं पिल्लू मळकट तपकिरी असतं. पाठीवर फिकट रेघा, डोकं तांबूस, पंख राखाडी. पावसाळ्याच्या अखेरीस 'हा कुठला नवीन पक्षी' म्हणून येणाऱ्या फोटोंत हे पिल्लू हमखास असतं.

४. ठाणे-नवी मुंबईत हा नक्की कुठे राहतो? येऊरला चार वेळा गेलो, दिसला नाही.

येऊरमध्ये तो आहे. प्रश्न येऊरमध्ये कुठे उभे होतात हा आहे. डांबरी रस्ता, बंगल्यांची कुंपणं आणि क्रिकेटची मैदानं म्हणजे कस्तुराचं येऊर नव्हे. त्याला तीन गोष्टी एकाच ठिकाणी लागतात: वर झाडांचं छत, मधल्या उंचीवर झुडपं किंवा बांबू, आणि खाली ओलसर पालापाचोळा. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची. छत दाट आहे, झुडपं आहेत, पण जमीन झाडून स्वच्छ केलेली आहे, तर तिथे हा पक्षी राहत नाही. त्याचं ताट पाचोळ्यात वाढलेलं असतं.

त्यामुळे ठिकाणांची यादी पाठ करण्यापेक्षा जागा वाचायला शिकणं जास्त उपयोगाचं. येऊर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या बाजूला ओहोळांच्या कडा, बांबूची बेटं, कारवीचे उतार पाहा. पनवेलजवळचं कर्नाळा पक्षी अभयारण्य या पक्ष्यासाठी नवी मुंबईकरांना सगळ्यात सोयीचं. किल्ल्याच्या चढणीपेक्षा पायथ्याच्या सावलीतल्या पायवाटा बऱ्या. खारघरच्या टेकड्यांचा मोठा भाग गवताळ आणि उघडा आहे, तिथे वर चढून उपयोग नाही. झाडी टिकून असलेल्या नाळींच्या तळाशी पाहा. जरा लांब जायची तयारी असेल तर तुंगारेश्वर आणि माथेरान.

ठाणे खाडी, कांदळवनं, पाम बीच रोडकडची तळी इथे शोधू नका. ती रोहित आणि चिखलपक्ष्यांची जागा.

५. कोणत्या महिन्यात आणि किती वाजता जावं?

पक्षी वर्षभर असतो, पण मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत नर गातो म्हणून तेव्हा त्याचा पत्ता सहज लागतो. हिवाळ्यात तो गप्प असतो. दिसतो तो अचानक, वाटेवर पानं उलटताना.

वेळ सूर्योदयापासून पहिले दोन तास, किंवा संध्याकाळी पाचनंतर उजेड असेपर्यंत. भर दुपारी तो झुडपात बसून राहतो. सुट्टीच्या दिवशी येऊरला फिरणाऱ्यांची गर्दी लवकर सुरू होते आणि पायवाटेवर उतरलेले कस्तूर पहिल्या चार-पाच माणसांनंतर आत सरकतात. आडवारी जा, किंवा सगळ्यांच्या आधी पोहोचा.

आणि चालत शोधू नका. चांगली जागा दिसली की वीस मिनिटं एका ठिकाणी बसा. पाचोळ्यात थांबून-थांबून होणारी खसखस ऐका. सातभाईंचा थवा सलग आणि गलक्यात पानं उपसतो, मुंगूस सरळ रेषेत जातं. कस्तुराचा आवाज तुटक असतो: दोन-तीन पानं उलटली, शांतता, पुन्हा दोन-तीन.

६. हा खातो काय?

किडे, अळ्या, गांडुळं, लहान गोगलगायी, कोळी, जळवा आणि जोडीला फळं. म्हणजे मिश्राहारी, पण कल मांसाहाराकडे.

खाण्याची रीत पाहण्यासारखी आहे. चार-सहा पावलं तुरुतुरु पळतो, थबकतो, मान वाकडी करून जमिनीकडे पाहतो. मग चोचीने पान पकडून बाजूला भिरकावतो किंवा मऊ मातीत चोच खुपसतो. पाऊस पडून गेल्यावर गांडुळं वर येतात, तेव्हा एकाच जागी तो बराच वेळ रमतो.

खरी परीक्षा मार्च ते मे. माती टणक होते, गांडुळं खोल जातात, वरचा पाचोळा कुरकुरीत कोरडा पडतो. अशा वेळी तो ओलावा उरलेल्या जागांकडे सरकतो: आटत आलेल्या ओहोळांच्या डबक्यांभोवती, पाणवठ्यांजवळ, दाट सावलीच्या खाचांत. झुडपांवरची रसाळ फळं आणि झाडाखाली पडलेली उंबरं, पेरू यांचा आधारही याच काळात जास्त. उन्हाळ्यात पक्षी 'नाहीसा झाला' असं वाटतं ते बहुतेक वेळा या सरकण्यामुळे.

७. आमच्या सोसायटीत झाडं भरपूर आहेत. कस्तूर यावा म्हणून काय करता येईल?

सोसायटी जंगलाच्या कडेला असेल तरच अपेक्षा ठेवा. घोडबंदर रोडची डोंगराकडची बाजू, येऊरचा पायथा, बेलापूर-खारघरच्या टेकड्यांना लागून असलेल्या वसाहती इथे शक्यता आहे. वाशीच्या मध्यावर नाही. आणि सहाव्या मजल्याच्या बाल्कनीत तर नाहीच; हा जमिनीवरचा पक्षी आहे.

करायचं ते असं. दोन-तीन मोठ्या झाडांखाली, वर्दळीपासून दूर, साधारण ३ मीटर बाय ३ मीटरची जागा ठरवा. तिथली पानं झाडून नेऊ नका. थर ५ ते ८ सेंटिमीटर ठेवा. आंबा, जांभूळ, करंज यांची पानं उत्तम, कारण ती ओल धरून ठेवतात. गुलमोहराच्या बारीक पानांचा नुसता भुगा होतो. झाडाच्या बुंध्यापासून वीतभर आणि इमारतीच्या भिंतीपासून किमान एक मीटर अंतर सोडा. दोन बाजूंनी झुडपं असू द्या, म्हणजे पक्ष्याला पळून लपायला आडोसा मिळतो. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा झारीने पाणी शिंपडा.

जवळ एक उथळ पाण्याचं भांडं ठेवा: मातीचं परळ चालेल, खोली ४-५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, मध्ये एक चपटा दगड. दाट झुडपापासून दीड-दोन मीटर अंतरावर ठेवा, नाहीतर मांजर दबा धरून बसतं. पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांनी भांडं घासा. डासाच्या अळीचा डास व्हायला आठवडाभर लागतो; रोज पाणी फेकलं तर डेंग्यूच्या भीतीचं कारण उरत नाही. सभेत हा मुद्दा निघणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

काय बिघडतं? थर वीतभर जाड झाला की आतून सडतो, वास येतो आणि पक्ष्यालाही तो उपसता येत नाही. कोणीतरी त्यात स्वयंपाकघराचा कचरा टाकतो, मग उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात आणि सगळा दोष पाचोळ्यावर ढकलला जातो. तिसरं, कीटकनाशकाची फवारणी. फवारलेल्या पाचोळ्यात खायला काही उरत नाही, आणि उरलेले अर्धमेले किडे पक्ष्याच्या पोटात जातात. गोगलगायी मारायच्या विषारी गोळ्याही या जागेत नकोत. शेवटचं म्हणजे धीर. नव्या जागेत गांडुळं वाढायला एक पूर्ण पावसाळा जावा लागतो.

८. दाणे किंवा भात ठेवला तर येईल का?

नाही. येतील ती कबुतरं. कस्तूर धान्य खात नाही. फळ ठेवायचंच असेल तर झाडाखाली पडलेला पेरू तिथेच राहू द्या, तेवढं पुरे.

९. पावसाळ्यात पहाटे माणसासारखी शीळ ऐकू येते. तो हाच का?

बहुधा नाही. अर्धवट सूर आठवत फिरणाऱ्या माणसासारखी लांबलचक, लहरी शीळ ओढ्याच्या किंवा धबधब्याच्या बाजूने येत असेल तर तो मलबारी शीळकरी कस्तूर. तो आकाराने मोठा, सुमारे २५ सेंटिमीटर, रंगाने निळसर काळा, कपाळ आणि खांद्यावर चमकता निळा.

सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची ठरावीक शीळ वाजत असेल तर तो नवरंग असू शकतो. तो पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतो. इमारतीच्या अँटेनावरून किंवा विजेच्या तारेवरून गाणारा दयाळ. नारंगी डोक्याचा कस्तूर उघड्यावर बसून गात नाही.

१०. मग याचं गाणं कसं असतं?

गोड, स्वच्छ, चढ-उताराचं, आणि त्यात तुकडे परत परत येतात. एखादी हरकत दोन-तीनदा घोळवायची, मग पुढची. गाताना तो पानांनी भरलेल्या फांदीवर निश्चल बसतो, त्यामुळे आवाज डोक्यावरून येतो आणि पक्षी काही सापडत नाही. वेळ भल्या पहाटेची किंवा दुपार कलल्यानंतरची.

मध्येच बुलबुल, सातभाई किंवा शिंपी यांचे आवाज ऐकू आले तर चकू नका, हा नकला करतो. मोबाइलमधली आवाज ओळखणारी अ‍ॅप नेमकी इथे फसू शकतात: नकलेतला बुलबुल ऐकून अ‍ॅप बुलबुल म्हणतं. अ‍ॅपच्या उत्तरावरून शोध सुरू करावा, संपवू नये.

गाण्याव्यतिरिक्त एक दबका 'चक्' आणि धोक्याच्या वेळी कर्कश 'टीर-टीर-टीर' असा आवाज आहे. उडताना बारीक 'त्सी' करतो.

११. घरटं कुठे आणि कधी बांधतो?

आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यात. घरटं म्हणजे काटक्या, मुळ्या यांची पसरट, उथळ वाटी, आतून शेवाळ आणि मऊ पानांचं अस्तर. नर-मादी दोघं मिळून बांधतात. उंची फार नसते, जास्तीत जास्त साडेचार मीटर. लहान झाड किंवा मोठं झुडूप त्याला चालतं. आंब्याच्या झाडाची त्याला विशेष आवड.

अंडी तीन किंवा चार, क्वचित पाच. रंग मलईसारखा किंवा फिकट निळसर-हिरवट, त्यावर लालसर तपकिरी ठिपके. उबवण १३ ते १४ दिवस, आणि पिल्लं आणखी सुमारे १२ दिवसांत घरट्याबाहेर पडतात. म्हणजे पहिलं अंडं ते रिकामं घरटं हा सगळा प्रपंच महिन्याभराचा.

सोसायटीतल्या छाटणीशी याचा थेट संबंध आहे. पावसाआधीची छाटणी लांबत जून-जुलैत गेली की कुऱ्हाड नेमकी घरट्यावर येते. छाटणीला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच. ती हातात असली तरी कामाच्या दिवशी प्रत्येक फांदीचा बेचका खालून दुर्बिणीने पाहून घ्या. घरटं दिसलं तर ती फांदी पाच आठवडे राहू द्या.

१२. चातक याच्या घरट्यात अंडी घालतो म्हणतात, खरं का?

खरं आहे, पण चातकाचा नेहमीचा बकरा सातभाई. कस्तुराच्या वाट्याला ही पाळी कधीमधी येते. कोकिळेच्या गोत्रातले आणखी एक-दोन पक्षीही याच्या घरट्यात अंडी घालताना आढळले आहेत. चातकाचं पिल्लू कस्तुराची अंडी किंवा पिल्लं ढकलून देत नाही. ते आकाराने आणि भुकेने मोठं असतं, आलेला घास तेच ओढून घेतं, आणि कस्तुराची पिल्लं बहुतेकदा उपाशी मरतात. घरट्यात असं परकं पिल्लू दिसलं तरी हात घालू नका. हा निसर्गाचा व्यवहार आहे, आणि घरट्याशी माणूस रेंगाळला की कावळ्याला पत्ता लागतो.

१३. नारंगी पोटाचे इतके पक्षी आहेत. गोंधळ होतो.

होणारच. सगळ्यात जास्त फसवतो निळ्या डोक्याचा कस्तूर. हा हिवाळी पाहुणा. त्याचंही पोट तांबूस नारंगी आणि नराच्या पंखावरही पांढरा डाग. फरक डोक्यात आहे: त्याचं डोकं निळं आणि डोळ्यावरून काळी पट्टी, आपल्याचं डोकं नारंगी. शिवाय तो फांदीवर ताठ बसलेला जास्त दिसतो.

शामाची शेपटी लांबलचक, डोकं आणि छाती काळी. नवरंगाची शेपटी इतकी आखूड की नसल्यासारखी, आणि अंगावर हिरवा, निळा, शेंदरी असे बरेच रंग. टिकेलचा निळा माशीमार तर चिमणीएवढा, छाती नारंगी आणि पाठ निळी. डोकं नारंगी आणि पाठ राखाडी-निळी ही जोडी आपल्या भागात एकट्या कस्तुराकडे आहे.

१४. फोटो नीट येत नाही. अंधार तरी येतो किंवा गाल पांढरे फटक. काही उपाय?

सावलीतला गडद पाचोळा पाहून कॅमेरा उजेड वाढवतो, आणि गालाचा पांढरा रंग जळतो. एक्स्पोजर उणे ०.३ ते ०.७ वर ठेवा. आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत न्यायची लाज बाळगू नका. शटर १/२५० च्या खाली गेलं तर पानं भिरकावताना डोकं हलून जातं. कस्तूर मात्र दर काही पावलांनी थबकतो, फोटो त्या क्षणी घ्यायचा. कॅमेरा जमिनीलगत, अंतर आठ-दहा मीटर, आणि पक्ष्याकडे चालत जाण्याऐवजी त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं.

फ्लॅश नको. आणि मोबाइलवर त्याचं गाणं वाजवून त्याला बोलावणं तर मुळीच नको. विणीच्या दिवसांत नराला वाटतं की हद्दीत दुसरा नर घुसला. तो चारा शोधायचं आणि घरट्याकडे लक्ष द्यायचं सोडून भांडायला येतो. एका सकाळी पाच जणांनी असं केलं तर त्या जोडीची सकाळ वाया गेली. आपल्याला मिळतो एक फोटो, तोही चिडलेल्या पक्ष्याचा.

दचकलेला कस्तूर गुपचूप उडून खालच्या एखाद्या फांदीवर दगडासारखा बसतो. 'गेला' म्हणून पाठ फिरवू नका. बरेचदा तो दहा पावलांवर, डोळ्यांच्या उंचीवरच असतो.

१५. एवढा सुंदर गातो, तर पिंजऱ्यात पाळता येतो का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानपक्षी पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. कोणी विकत असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जावा-बालीत याच जातीचे पक्षी गाण्यासाठी इतके पकडले गेले, की तिथल्या रानांत त्यांची संख्या रोडावली.

१६. काचेवर आपटून पडला आहे. काय करू?

आधी त्याला उचला, कारण खाली पडलेल्या पक्ष्याला मांजर किंवा कावळा शोधतोच. पातळ फडक्याने झाकून, पंख अंगाशी मिटलेले ठेवून अलगद उचला. छाती दाबू नका. पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो.

बुटांचं खोकं घ्या, झाकणाला आठ-दहा भोकं पाडा, तळाशी फडकं अंथरा, पक्षी ठेवा, झाकण लावा. खोकं शांत, सावलीच्या खोलीत ठेवा. चोचीत पाणी घालू नका. शुद्ध हरपलेल्या पक्ष्याच्या फुप्फुसात ते जातं आणि वाचला असता तो मरतो. खायलाही काही देऊ नका. सारखं झाकण उघडून पाहू नका, मुलांना दाखवू नका.

तासा-दोन तासांनी खोकं बाहेर झाडांजवळ न्या आणि उघडा. उडाला तर उत्तम. नाही उडाला, एक पंख लोंबतो आहे, रक्त आहे किंवा मान वाकडी राहिली आहे, तर १९२६ वर फोन करा किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. रात्र झाली असेल तर सोडू नका, पहाटेपर्यंत खोक्यातच ठेवा. मांजराने तोंडात धरलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण मांजराच्या लाळेतल्या जिवाणूंनी तो दोन-तीन दिवसांत मरू शकतो.

पुन्हा होऊ नये म्हणून काचेच्या बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा पट्ट्या लावा, दोहोंत अंतर ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मध्यभागी चिकटवलेलं एकच घारीचं चित्र निरुपयोगी आहे. पक्षी त्याला वळसा घालून शेजारच्या काचेवर आपटतो. डोंगराकडे तोंड असलेल्या काचांपासून सुरुवात करा, त्यांच्यात झाडी दिसते.

१७. पिल्लू जमिनीवर सापडलं. घरी आणू का?

अंगावर पिसं आहेत, डोळे उघडे आहेत, उड्या मारतं आहे? मग ते पडलेलं नाही, घरट्यातून निघालेलं आहे. या जातीची पिल्लं नीट उडता येण्याआधीच बाहेर पडतात आणि आईबाप त्यांना जमिनीवर, झुडपात भरवतात. वाटेवर असेल तर उचलून जवळच्या दाट झुडपात ठेवा आणि तिथून निघा. तुम्ही उभे असेपर्यंत आईबाप येणार नाहीत. कुत्री-मांजरं मात्र तासभर आवरून ठेवा.

उघडं, डोळे मिटलेलं पिल्लू असेल तर वरचं घरटं शोधा आणि परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते ही समजूत चुकीची आहे. घरटंच कोसळलं असेल तर प्रश्न १६ मधला क्रमांक लावा. दूध-पोळी, भात भरवू नका.

१८. माझ्या फोटोत डोकं पूर्ण नारंगी आहे, गालावर पट्टे नाहीतच. चुकीचा पक्षी का?

तीन शक्यता आहेत, याच क्रमाने तपासा.

पहिली, कोन. पक्षी समोरून किंवा मागून टिपला असेल तर पट्टे नाकाच्या रेषेआड किंवा मानेआड जातात. त्याच वेळचे बाकीचे फोटो पाहा, एखादा बाजूने आलेला असतो.

दुसरी, वय. पिल्लाच्या तांबूस तोंडावर पट्टे धूसर असतात. पाठीवर फिकट रेघा दिसल्या तर उत्तर मिळालं (प्रश्न ३).

तिसरी खरी मजेची. हिमालयात वीण करणाऱ्या सिट्रिना या उपजातीचं तोंड पट्ट्यांविना, सरसकट नारंगी असतं, आणि ती हिवाळ्यात दक्षिण भारत आणि श्रीलंकेपर्यंत उतरते. ऑक्टोबर ते मार्चमधला, पूर्ण वाढलेला, बाजूने स्पष्ट टिपलेला, तरीही पट्टे नसलेला पक्षी असेल तर ही शक्यता गांभीर्याने घ्या. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना उपजात लिहा, तारीख आणि जागा अचूक द्या आणि मूळ फोटो रंग न बदलता जोडा. फोटो जूनमधला असेल तर पुन्हा पहिल्या शक्यतेकडे या.

१९. येऊर-खारघरला वणवे लागतात. त्याने या पक्ष्यावर परिणाम होतो का?

जागतिक पातळीवर ही जात धोक्यात नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती 'कमी चिंतेची' म्हणून नोंदलेली आहे. पण आपल्या टेकड्यांवरचा हिशोब वेगळा. फेब्रुवारी ते मे या काळात लागणारी आग बहुतेक वेळा मोठी झाडं जाळत नाही, म्हणून 'जंगल वाचलं' असं म्हटलं जातं. ती जाळते नेमका जमिनीवरचा थर: पाचोळा, त्यातल्या अळ्या, गोगलगायी, कोवळी झुडपं. झाडं उभी राहतात आणि कस्तुराचं ताट जळून जातं, तेही त्याच्या सगळ्यात टंचाईच्या महिन्यांत (प्रश्न ६).

धूर दिसला तर १९२६ वर कळवा. सांगताना 'येऊरला आग' एवढ्याने भागत नाही: कोणत्या पाड्याच्या कोणत्या बाजूला, उतारावर की माथ्यावर, वारा कुठल्या दिशेचा. मोबाइलवरून नकाशातलं ठिकाण पाठवता आलं तर जास्त चांगलं. स्वतः विझवायला उतारावर वरच्या बाजूने जाऊ नका, वाळलेल्या गवतात आग चढाकडे माणसापेक्षा वेगाने धावते.